माझ्या कानातले तीन खडे

गंगापूर रस्ता, नाशिक
चैत्र शुद्ध पंचमी, सन १९३६

राजमान्य राजश्री गोटीराम मेहुणे यांस खंडेरावाचा खणखणीत रामराम. इकडे आम्ही दोघे आणि गाय खुशाल आहोत. सटाण्यास सासूबाईंच्या गुडघ्यांचे कसे काय, ते सविस्तर कळवावे.

पत्रास कारण आनंदाचे आहे. माझे दोन्ही कान बरे झाले! चार वर्षांपूर्वी ऐकू येईनासे झाले, तेव्हा लोकच हळू बोलू लागले आहेत असा माझा समज झाला. दोष कानांत निघाला. (एक सवय तेवढी उरली आहे. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणतो.) अर्थात मी हयगय कधीच केली नाही. रोज लसणीचे कोमट तेल घातले. बुधवारच्या बाजारात कानातला मळ काढणारा बसतो, त्याने माझ्या कानांतून एकामागून एक तीन खडे काढले. अगदी गोदागंगेच्या वाळवंटात सापडतात तसे गुळगुळीत! ते मी कोनाड्यात जपून ठेवले आहेत. एवढे होऊनही ऐकू येईना, तेव्हा मी दुसरा उपाय धरला. समोरचा काहीही बोलला की ठामपणे मान हलवायची. मनुष्य खूश होऊन जातो आणि बहिरेपणाचा कोणाला पत्ता लागत नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना खडे दाखवले तर ते बराच वेळ हसले (बहुधा कौतुकाने). चार दिवस औषधाचे थेंब घालायला लावले आणि मग पितळेच्या पिचकारीने कोमट पाणी मारले. उजव्या कानातून जांभळाच्या बीएवढा मळ निघाला. डावीकडून कापसाचा हिरवा बोळा निघाला, तो मीच गेल्या पावसाळ्यात तेलात भिजवून घातला होता. यापुढे तेल नाही, काडी नाही, बाजारातला माणूस नाही, अशी तंबी मिळाली.

घरी आलो तो कावळे, मोटेचे चाक, शेजारच्या कुसाबाईंचे खोकणे, सगळे लखलखीत ऐकू आले. फक्त तुमच्या गोजराक्कांचा आवाज ऐकू येईना. मी ताडले, बायकोच्या आवाजापुरता थोडा मळ शिल्लक असणार. परत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कानाशी घड्याळ धरले, लोखंडी चिमटा वाजवून पाहिला आणि विचारले, "बाई बोलतात का पण?" डॉक्टर अर्धवट शिकलेला निघाला. तडक घरी आलो. गोठ्याशी पोचलो तर आक्का गायीशी छान गप्पा मारत होत्या, शब्द न् शब्द ऐकू आला. मला पाहिले आणि गप्प झाल्या.

अखेर कुसाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आता कळलं व्हय भाऊ तुम्हाला? ती तुमच्याशी बोलत नाय. आखाजीच्या सणाला माहेरी धाडा म्हणली, तुम्ही मान हलवली अन् मळ्यातल्या मोगऱ्याच्या पाट्या घेऊन बाजारात गेला. तिचा भाऊ मुराळी होऊन तिला न्यायला आला, त्यालाही मान हलवली, भाकरी खाऊ घातली अन् एकट्यालाच लावून दिलं."

मेहुणे, मला लाज वाटली. तुम्ही फिरकत नाही, तेव्हा सटाण्याचा रस्ता बिघडला असेल असे मी धरून चाललो होतो. असो. माणसाची तब्येत सुधारली यात सर्व आले.

आपला,
खंडेराव

ता. क. – आखाजीला महिना राहिला. मुराळी म्हणून सर्व्हिस मोटारीने अवश्य यावे. मान हलवणार नाही, तोंडाने 'हो' म्हणेन. तोडणीस आक्का नसल्याने मोगरा सुकला तरी चालेल, पण माझ्या हिशेबाने दोन वर्षे बोलणे बंद असलेल्या घरात नीट झालेले कान घेऊन बसवत नाही.

ता. क. दुसरा – वरचा मजकूर लिहीत असता चुलीपाशी भाकरीची थाप थांबली आणि आवाज आला, "दोन नही, तीन वरीस व्हयनात."

मेहुणे, स्पष्ट ऐकू आले. लवकर या.