कुंदाची हजेरी

बोरिवली, मंगळवार

ती. विद्याधरदादास,

मधुवंतीचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली जेवढी वाकते तेवढा). तुझा गुडघा कसा आहे? माझ्यापायी मुलुंडहून चार फेऱ्या मारल्यास, त्यावर वहिनी काय म्हणाली ते कळवू नकोस.

आपल्या ट्रस्टचं ऐंशी-जीचं प्रमाणपत्र काल आलं. देणगीदारांना करात सवलत मिळाली नसती तर देणग्या आटल्या असत्या आणि आरेच्या पाड्यांवरच्या बावीस मुलींची अभ्यासिका ऐन दहावीच्या तोंडावर बंद झाली असती. तुझ्यामुळे वाचली. हे तोंडावर सांगितलं की तू चष्मा पुसत बसतोस, म्हणून लिहिते आहे.

नूतनीकरणाआधी तू आमची इतिवृत्ताची वही मागितलीस, तो दिवस मी विसरणार नाही. मी, मीरा, जया आणि कुंदा, चौघी विश्वस्त एका वर्गातल्या. कुंदा आरेतून बसने यायची आणि रोज उशीर व्हायचा, म्हणून सिस्टर हजेरी घेत तेव्हा आमच्यापैकी कोणीतरी तिच्या नावाला ‘प्रेझेंट’ म्हणायचं. (सिस्टरना ठाऊक होतं असं मला आता वाटतं.) कुंदा गेल्यावर पहिल्या बैठकीत मी सवयीने चारही नावं वाचली, मीराच्या तोंडून ‘प्रेझेंट’ निघून गेलं आणि मी ते लिहिलं. पुढे खोडायला कोणाचाच हात धजेना. तू मात्र पानं उलटत विचारलंस,

“या कुंदाताई वारल्या कधी?”

“तीन वर्षं झाली.”

“आणि पाण्याचा फिल्टर?”

“गेल्या वर्षी घेतला.”

“मग त्याला अनुमोदन कोणी दिलं गं?”

वहीत कुंदाचंच नाव होतं. काय करणार, मीरा आणि जयाचं फिल्टरवरून वाजलं होतं, आणि कुंदाच्या शब्दाबाहेर दोघीही जात नाहीत.

नवीन वही घालून सगळं पुन्हा लिहून काढू, असं जया म्हणाली. तेव्हा तू पहिल्यांदा आवाज चढवलास. लिहिलेल्या पानाला हात लावायचा नाही, चूक झाली ती झाली असं नव्या ठरावात मान्य करायचं, विश्वस्तांमधल्या बदलाचा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा आणि उशिराची माफी मागायची. त्या कचेरीच्या बाकावर तू माझ्याबरोबर दोन अख्ख्या सकाळी बसलास. लहानपणी माझं प्रगतिपुस्तक बाबांपुढे न्यायचं असलं की असाच शेजारी उभा राहायचास.

तुझी,
मधू

ता. क. आपल्या ट्रस्टला चार विश्वस्त लागतात. येत्या रविवारच्या बैठकीचं इतिवृत्त मी आधीच लिहून ठेवलं आहे. त्यात तू हजर होतास आणि तू आनंदाने संमती दिलीस. लिहिलेल्या पानाला हात लावता येत नाही, तेव्हा चारला ये.

दुसरा ता. क. कुंदाचं नाव आता वाचत नाही. पण तिची जागा आली की आम्ही तिघी क्षणभर थांबतो. ते थांबणं वहीत लिहावं लागतं का, तेवढं कायद्यात बघून ये.