उजव्या मांडीतला पितळेचा तुकडा

मी, खाली सही करणारी, धंद्याने सर्जन, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्या दडपणाविना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून घेतला आहे. माझा धाकटा मुलगाही सर्जन आहे, पण तो डोक्याला चुंबक लावेल आणि आत काहीच नाही म्हणेल.

१. राहतं घर मुलीला आणि मुलाला निम्मं निम्मं. मुलाचा हिस्सा मात्र कलम चार पाळल्यावरच.

२. माझ्या यजमानांचं लेथचं वर्कशॉप होतं. तळहातात लोखंडाची कपची घुसली म्हणून ते माझ्याकडे आले. कपची निघाली, हे मात्र गळ्यात पडले. लग्नानंतर त्यांनी मला निमुळत्या टोकाचं चुंबक बनवून दिलं. मांस उकरत बसण्यापेक्षा ते जखमेत धरायचं, लोखंड टक्कन येऊन चिकटायचं. किती सुया, किती खिळ्यांची टोकं काढली त्याने! हे चुंबक मुलीला. तीही सर्जनच, पण ती आधी एक्स-रे काढते, मग हात लावते.

३. धाकट्याला ते का नाही, तेही लिहिते, नाहीतर आईने दुजाभाव केला म्हणून गावभर सांगत फिरेल. यजमानांच्या माघारी वर्कशॉप आवरताना मी लेथशेजारी पडले आणि पितळेची कपची उजव्या मांडीत घुसून आतच मोडली. याने मला टेबलावर घेतलं ते कॅमेरेवाल्याला बोलावून. चुंबकाच्या ऑपरेशनची जाहिरात करायची होती ना! शी! आईची उघडी मांडी, आणि हा केस विंचरून उभा.

मी म्हटलं, “अरे, पितळ आहे ते. चुंबकाला चिकटणार नाही. एक्स-रे काढ.”

“आई, चुंबकाला काही लागलं नाही म्हणजे आत काही नाही. वय झालं तुझं, उगाच मनात घेतेस.”

आणि टाके घालून मोकळा झाला. आता तिथून हिरवट पू येतो. भेटायला येणारे दारातच नाकाला रुमाल लावतात. पण पुवाची येत नाही एवढी किळस मला त्या फोटोची येते. तो अजून त्याच्या दवाखान्यात टांगलेला आहे, खाली ‘यशस्वी’ असं लिहून.

४. विष रक्तात उतरलं आहे. उद्या मुलगी मांडी उघडणार. हृदय साथ देईल याची खात्री नाही. तुकडा निघण्याआधीच मी गेले, तर जखम शिवू नये. कॅमेरा बाहेर, चुंबक बाहेर. धाकट्याला हातमोजे घालून आत बोलवा आणि बोटाने तो तुकडा शोधायला लावा. ओकला तर ओकू द्या. सापडेपर्यंत दाराला कडी.

गाढवा, मांसातला धातू बोटाला कसा लागतो ते मी तुला किती वेळा दाखवलं, तुझं लक्षच नव्हतं. आता माझ्या मांडीत शीक. तिथे तुझ्या हातून कोणाला दुखणार नाही.

स्थळ : माझ्या दवाखान्याची मागची खोली
दिनांक : ऑपरेशनचा आदला दिवस
सही : आई

साक्षीदार :
भूल देणारे डॉक्टर (सही करताना बाई पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण संतापलेल्या होत्या.)
खालच्या मजल्यावरचे औषधवाले