शांतता समितीची शाल

अमळनेर, बुधवार. गणपती आठवड्यावर.

ती शाल डोळ्यांपुढून हलत नाही. समितीच्या बैठकीला पोलीस ठाण्यात शिरताना पायरीवर एक अक्का बसलेल्या. "ताई, मना पोऱ्या मझार शे. त्याले पाही ल्या." त्यांचा मुलगा आत कोठडीत होता.

बैठकीत विचारलं, तर इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, "आज विषय गणपतीचा." शेवटी रिवाजाप्रमाणे साहेबांच्या सत्काराची शाल आमचे अध्यक्ष नाना यांनी माझ्याच हाती दिली. मी उठलेच नाही. "आधी मुलगा दाखवा, मग शाल."

साहेबांनी त्याला बाहेर आणवलं. "बघा, धडधाकट आहे."

शब्द दिला होता, शाल घातली. का घातली? टाळ्या झाल्या. मुलानंही वाजवल्या, एकाच हातानं, मांडीवर. दुसरा हात उचलला जात नव्हता.