मास्तरांचा नंबर

सोमवार
लागली एकदाची नोकरी! अतिदक्षता विभागात मला टेबल, खुंटी आणि स्वतःची खुर्ची. डुगडुगते, पण आपली आहे. काम सोपं. जंतू रक्तात भिनून ज्यांचं ब्लडप्रेशर कोसळलंय, त्यांच्या डाव्या बरगडीखाली, प्लीहेवर, सोनोग्राफीसारखा प्रोब धरायचा. त्या लहरींनी अंगातला दाह उतरतो का, याची चाचणी चाललीय. 'अ' आणि 'ब' असे दोन प्रोब, दिसायला जुळे. एक खरा, एक मुका. कोणाला कुठला, ते सीलबंद पाकीट ठरवतं. खरा कुठला, हे मलाही सांगत नाहीत. मोठे डॉक्टर म्हणाले, तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, म्हणून तर नकोच. घरी सांगितलं तर आई म्हणाली, बरोबर ओळखलं हो त्यांनी.

बुधवार
मला कळलं. 'ब' धरला की थोड्या वेळाने कोमट होतो. 'अ' गारच राहतो. म्हणजे खरा 'ब'. सांगायला हवं होतं. पण नव्या नोकरीत नसतं लचांड कशाला? गप्प बसले.

शुक्रवार
दोघे एकदमच आले. एक ड्रायव्हर, तरुण. त्याच्या बायकोने माझं मनगटच धरलं. "ताई, सगळं तुमच्या हातात आहे." दुसरे निवृत्त मास्तर. पुतण्या सही करून गेला तो गेलाच. पाकिटातून ड्रायव्हरला 'अ' निघाला, मास्तरांना 'ब'. मी उलटं केलं. मास्तर शुद्धीवर होते. स्वतःच गाऊन वर केला आणि म्हणाले, "आधी त्याचं कर, बाळ. मी थांबतो."

रविवार
ड्रायव्हर उठून बसला. मास्तर गेले.

मोठे डॉक्टर म्हणाले, जिवाला लावून घेऊ नकोस, उपयोग होतो हे माहीत असतं तर चाचणी कशाला घेतली असती? त्यांना कुठे ठाऊक आहे मी काय केलं ते. मी मास्तरांचा जीव काढून दुसऱ्याला दिला. डबा तसाच परत नेला. आईला सांगितलं, मला पित्त झालंय.

मंगळवार
मास्तरांची खाट रिकामी. चादर ताणलेली. त्यावर मास्तर, गाऊन वर धरून. सिस्टरने त्यांच्या पायांवरच ट्रे ठेवला. तिला दिसत नाहीत. ते बोलत नाहीत, नुसते थांबलेत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बुधवार
ड्रायव्हर विचारत होता, ते आजोबा गाऊन वर करून माझ्या उशाशी का उभे असतात —
मी पळाले.

गुरुवार
ड्रायव्हरला पुन्हा ताप. प्रेशर उतरतंय. डॉक्टर म्हणाले, परत प्रोब धर. उजव्या हातात 'ब'. डाव्याने लिहितेय — खाटेवर दोघे. खेटून. त्याची बायको काचेमागे, हात जोडून — मी ड्रायव्हरच्याच बरगडीवर धरलाय, शपथ — पण मास्तर म्हणतायत, "छान ऊब लागतेय, बाळ" —
ड्रायव्हर गार पडतोय. हात उचलायला हवा — नाही उचलवत — मास्तर पहिल्यांदाच हस