सेन्सर नवाच होता

अहो,

तुम्ही जहाजावर असायचात तेव्हा मी पानंच्या पानं लिहायचे आणि कुठल्याशा बंदरावरून तुमचं उत्तर यायचं, 'सर्व ठीक. काळजी नसावी.' आज पुन्हा लिहायला बसलेय, कारण काल आम्ही तुमच्या बोटीचं इंजिन तपासलं, आणि त्यात जे निघालं ते मी दुसऱ्या कुणाशी बोलू? उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. तसंही तुमच्या उत्तरांत असायचं काय!

रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, देवदर्शनाला जातात. तुम्ही गंगापूर धरणावर शिडाची जुनी बोट आणून ठेवलीत. उभा जन्म इंजिनरूममध्ये गेला तरी हौस फिटली नव्हती! अख्खी कॉलनी हसली. मी तिला सवत म्हणायचे आणि सवतीच्या दारात पाऊल टाकायचे नाही. तुम्हालाही त्यात गंमत वाटायची.

मग त्या सवतीच्या, वारा पडला की लागणाऱ्या डिझेल इंजिनाने कटकट सुरू केली. ऑइलचं प्रेशर पडलं की वाजणारा बझर, तो चालता चालता मध्येच कोकलायला लागला. घरी येऊन तुम्ही म्हणायचात, "इंजिन ठणठणीत आहे गं, सेन्सर खोटं बोलतोय." त्याच सुमारास तुमची छातीही जळजळायची. "ॲसिडिटी आहे." मी गार दूध द्यायचे आणि तुम्ही ते लहान मुलासारखं मुकाट पिऊन टाकायचात.

एका सकाळी मी चहा गाळून आणेपर्यंत तुम्ही गेलेले होतात.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. तुमच्या विनायकने हात जोडून सांगितलं, "दादा, वहिनींना अंतर देणार नाही." आपल्या सायलीने रडत रडत काय काय कबूल केलं. कावळा कठड्यावर बसून मान वाकडी करून बघत राहिला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक चपला शोधायला लागले. माझ्या मनात मात्र तेव्हाच बसलं, यांचा जीव त्या बझरमध्ये अडकलाय.

तेव्हापासून तो मला घरात ऐकू येतो. वॉशिंग मशीन थांबलं की मी दचकते. खाली कुणी गाडी रिव्हर्स घेतली की हातातलं भांडं पडतं. बरं, तेवढंच असतं तर चाललं असतं. भर दुपारी, घरात एकही यंत्र चालू नसताना तो वाजतो, बेडरूमकडून, आणि मी "आले हो" म्हणून उठतेसुद्धा! तिथे तुमची खाट असते आणि तिच्यावरची घडी न मोडलेली चादर. अहो, तुम्हीच असता का ते?

म्हणून काल विनायकभाऊजींना घेऊन धरणावर गेले. त्यांचीही सगळी नोकरी सिन्नरच्या कारखान्यात मेंटेनन्सला झाली, तेव्हा त्यांना काही शिकवायला लागलं नाही. मी ठरवूनच गेले होते. सेन्सर बदलायचा, तुमचं म्हणणं खरं करायचं, म्हणजे तुम्ही सुटाल आणि मीही.

आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात पाय ठेवला. केवढीशी जागा! तुमचा पंचा अजून खुंटीवर होता.

भाऊजींनी आधी इंजिनातली मोजपट्टी काढून ऑइल पाहिलं. भरलेलं होतं. मग चावी फिरवली, लाल दिवा लागला; सेन्सरची वायर सोडवली, तसा तो विझला. "वायरिंग चांगलंय वहिनी," ते म्हणाले, "आता सेन्सर काढू." पान्याने दोन हिसके दिले आणि सेन्सर हातात घेऊन बघतच राहिले.

"हा तर नवा कोरा आहे. दादाने बदललेला दिसतोय."

"मग वाजत का होता?"

"खरं प्रेशर मोजल्याशिवाय कसं सांगू? साधा काट्याचा गेज लागेल."

तुमच्या हत्यारांच्या पेटीत गेज वरच होता. त्याची नळी सेन्सरच्या जागी बरोबर बसली. नळीच्या आत काळं ऑइल होतं, जुनं. म्हणजे तुम्ही आधीच मोजलं होतंत! भाऊजींनी इंजिन सुरू केलं. काटा झकास वर गेला आणि मला वाटलं, जिंकले. इंजिन तापत गेलं तसा तो खाली यायला लागला, आला तो थेट तळाला. भाऊजींनी घाईने इंजिन बंद केलं.

"इंजिन आतून झिजलंय. बेअरिंग गेलीत. दादाला हे कळलं नाही असं होणारच नाही."

गेज परत ठेवायला मी पेटीतली हत्यारं बाजूला केली, तर तळाशी गोळ्यांची पट्टी. जिभेखाली ठेवायच्या. अर्धी संपलेली. मामंजींना शेवटी शेवटी मीच त्या द्यायचे, मला ओळखायला चष्मा लागत नाही.

कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात? कधी? गार दूध पिताना माझ्याकडे बघून हसत होतात, तेव्हा खिशात ही पट्टी होती का? मी तिथे पाय ठेवणार नाही हे माहीत होतं म्हणून तिथे लपवलंत! मला फार राग आलाय. इतका की भाऊजींसमोर रडलेही नाही, नुसती पेटी बंद केली. मी घाबरले असते, खरंय. डोकं खाल्लं असतं तुमचं. पण बरोबर असते ना!

काल घरी आले तर सायलीचा बंगळूरहून फोन. रोज करते बिचारी. "आई, कशी आहेस?" आणि मी सवयीने म्हणाले, "मजेत गं. सगळं ठीक." फोन ठेवल्यावर कळलं. तो आवाज माझा होता, शब्द तुमचे. जिना चढताना मला हल्ली दम लागतो, डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात, त्या मी टाळतेय, आणि त्या पोरीला ह्यातलं काहीही माहीत नाही.

तुम्हाला वचन देते. आज ती विचारेल तेव्हा सांगेन, बरी नाहीये मी. दम लागतो, बझर ऐकू येतो, एकटीला भीती वाटते. तिला घाबरू दे, रडू दे. मी तिला 'ये' म्हणेन. तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत.

तुमचीच,
मंदा