आई ओरडली ती वेळ

बोरी, ऑक्टोबर १९७४

किशनराव दाजी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

सुलाताई तुमच्या विहिरीत गेली, त्याच दिवशी दुपारी बाराला इथं आई भाकरी टाकता टाकता ओरडली, "माझी सुली पाण्यात पडली!" तेव्हापासून गाव आईच्या पाया पडायलंय. मला हा चमत्कार पटत नाही. पंचमीचा सण करून ताई रडत सासरी गेली, तेव्हापासून आई आठवड्यातून दोनदा तरी अशीच ओरडायची. ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

तुमचं बोलणं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दहाव्याला तुम्ही चारचौघांत म्हणालात, "बराबर हाय. सुली बारालाच पडली." दाजी, तुम्ही तर दिवसभर ताडकळसच्या बाजारात होतात. सांजच्याला परतल्यावर ती विहिरीत दिसली, असं फौजदाराला तुम्हीच सांगितलं. मग बाराची वेळ तुम्हाला कुणी सांगितली?

हे पत्र टाकलं तर तुम्ही सावध व्हाल, म्हणून टाकत नाही. उद्या मी हसतमुखानं येईन, तुमच्या घरी चहा पिईन आणि आजीला भेटवतो म्हणून भाचीला मागेन. ती एसटीत माझ्याजवळ बसली, की मगच फौजदाराकडं जाईन.

सुलाताईचा भाऊ,
मुंजाजी