चुकांच्या वहीतलं पान

मेहकर
११ सप्टेंबर

प्रिय रेणुका,

आधी घडलेलं क्रमाने लिहिते.

१. ६ जून, शुक्रवार, सकाळी पावणेदहा. सोयाबीनच्या लॉट १७ च्या उगवण चाचणीबद्दल तू चुकांच्या वहीत नोंद केलीस.
२. ६ जून, दुपारी साडेबारा. लॉट १७ चं बियाणं घेऊन गाडी गेली.
३. २८ जूनपर्यंत एकोणीस शेतकऱ्यांनी उगवण कमी झाल्याचं कळवलं.
४. ४ जुलै. संचालकांच्या बैठकीत मी वहीतलं तुझं पान दाखवलं.
५. ७ जुलै. तुला कामावरून कमी केलं.
६. ७ जुलैपासून कालपर्यंत वहीत एकही नोंद नाही.

सहासष्ट दिवस. आठ माणसांच्या प्रयोगशाळेत इतक्या दिवसांत कुणाच्याही हातून काही चुकलं नाही, असं ती वही सांगते. मागच्या आठवड्यात हरभऱ्याची चाचणी चालू असताना उगवण कक्षाचं तापमान वीसच्या जागी सव्वीसवर होतं, सलग तीन दिवस. राजकुमारने ते पहिल्याच सकाळी पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, "मले वाटलं, तुमाले माहीत असन." दीपमालाने दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिला वाटलं, राजकुमार सांगेल. खोटं कुणीच बोललं नाही. सगळी चाचणी पुन्हा लावली. आता मी सकाळी सातला येते आणि ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत उगवलेली, प्रत्येकाने मोजलेली रोपं पुन्हा मोजते. बहुतेक वेळा त्यांचे आकडे बरोबर असतात. मोजण्याने माणूस एवढं दमत नाही, हे मलाही कळतं.

वही सुरू झाली तो दिवस तुला आठवत असेल. मी प्रमुख म्हणून येऊन पंधरा दिवस झाले होते आणि कुणी मला काही सांगत नव्हतं. मी दोनशे पानांची वही आणली, पहिली नोंद स्वतःची केली: नमुन्याच्या चार पिशव्यांवर लॉटचा नंबर घालायला विसरले. खाली सही. मग सगळ्यांसमोर नियम सांगितला की वहीत लिहिलेलं कुणाच्या विरोधात वापरलं जाणार नाही. हसलं तरी चालेल, रागवायचं नाही. तू तेवढ्यात म्हणालीस, "मॅडम, मंग हसून घेऊ का आताच?" आणि खरंच हसलीस. सिंधूताईंना लिहिता येत नाही, म्हणून त्या तुझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "लेह व माय. सिंधूनं आज चाळणी न झाडता दुसऱ्या जातीचं बियाणं टाकलं. आन् हेबी लेह, का राजकुमारनं पाह्यलं तरी तो गुमान बसला." पहिल्या महिन्यात एकतीस नोंदी झाल्या, सहाव्या महिन्यात नऊ. चुका कमी झाल्या होत्या, कारण त्या लपवण्यात आपला वेळ जात नव्हता. दुपारच्या डब्याला तू मला मॅडम म्हणणं सोडून मयुरी म्हणू लागलीस, तेही त्याच सुमारास.

आपल्या बियाणे संस्थेचे अध्यक्ष नीळकंठराव पाहुण्यांना वही कौतुकाने दाखवायचे. ऑगस्टमध्ये त्यांनी मला बुलढाण्याला एका प्रशिक्षणात बोलायला पाठवलं. विषय होता मूल्यांवर चालणारं नेतृत्व. बोलणं मे महिन्यातच ठरलं होतं, ते मी रद्द केलं नाही. पडद्यावर वहीच्या पहिल्या पानाचा फोटो दाखवला, नोंदी कशा घटत गेल्या त्याचा आलेख दाखवला. आलेख मेपर्यंतचा होता. टाळ्या पडल्या. एका बाईंनी विचारलं की माणसं स्वतःहून चूक लिहितील असा विश्वास कसा तयार करायचा. मी उत्तर दिलं. उत्तर चांगलं होतं. परतताना चिखलीच्या स्टँडवर उंद्रीकडची बस लागलेली होती. तू तिथल्या सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून देतेस, असं दीपमालाकडून कळलं होतं. मी बसमध्ये चढले नाही. तिच्या दारापर्यंत गेले होते, इतकं मात्र खरं.

परवा सिंधूताईंना मी एकटं गाठून विचारलं, वही कोरी का आहे. त्या बी निवडत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू. रेणुकानं लेहलं, तिचं काय झालं? ज्यायनं लेहलं नाही ते सारे कामावर हायेत. आता काऊन लेहावं मानसानं, सांगा." मग त्या म्हणाल्या, "तुमीबी तं लेहलं नाही."

त्यांना किती माहीत आहे, ते मी विचारलं नाही. तुला पूर्ण माहीत नाही, म्हणून लिहिते. तुझी नोंद अशी होती: "लॉट १७. काल मोजताना दोन गुंडाळ्यांत मुळाचा शेंडा तुटलेली रोपंही चांगली म्हणून धरली गेली. चौऱ्याहत्तर टक्के लिहिलं, खरा आकडा कमी असेल. गुंडाळ्या ठेवल्या आहेत, पुन्हा मोजाव्यात." त्या दिवशी तू नमुने आणायला उंद्रीच्या गोदामाकडे गेलीस. मी बैठकीत सांगितलं की नोंद माझ्या पाहण्यात गाडी गेल्यानंतर आली. तूही तेच खरं मानलंस आणि एक शब्द बोलली नाहीस. रेणुका, मी ती नोंद दहा वाजता वाचली होती. गुंडाळ्या तबकात तशाच होत्या. मोजायला चाळीस मिनिटं लागली असती. सत्तरच्या खाली आकडा आला असता तर लॉट अडवावा लागला असता. फाटकात गाडी उभी होती आणि नीळकंठरावांचा तिसरा फोन येऊन गेला होता. सव्वाअकराला मी चौऱ्याहत्तरच्या दाखल्यावर सही केली. मग तबक उचललं आणि गुंडाळ्या खतात टाकल्या. त्या मी स्वतः टाकल्या.

२० सप्टेंबरला, शनिवारी, संचालकांची बैठक आहे. वरचं सगळं मी वहीत तारीख आणि वेळ घालून लिहिलं आहे, आज सकाळी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर वाचलं आहे, आणि बैठकीत वाचणार आहे. ते तुझ्या होकारावर अवलंबून नाही. मला पदावर ठेवायचं की नाही ते संचालक ठरवतील. तुझ्यावर अवलंबून असलेली गोष्ट एकच आहे आणि हे पत्र त्यासाठीच आहे. तुला सन्मानाने कामावर परत घ्यावं आणि काढल्याचं पत्र रद्द करावं, असा ठराव मला मांडायचा आहे. तू आलीस तर माझ्या हाताखाली काम करावं लागणार नाही, हेही त्यात लिहिलं आहे. पण मागच्या वेळी तुझं नाव त्या खोलीत मी तुला न विचारता घेतलं. या वेळी विचारते आहे. तुला यायचं नसेल, किंवा तुझं नाव तिथे पुन्हा निघूच नये असं वाटत असेल, तर ठराव मांडणार नाही आणि कारण विचारणार नाही. माफी मागितली तर उत्तर देण्याचं ओझं तुझ्यावर येईल, म्हणून ती इथे मागत नाही. फोनवर सांगितलंस तरी चालेल, दीपमालाकडे निरोप दिलास तरी चालेल. हो किंवा नाही, एवढंच पुरे. गुरुवार, १८ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत मला कळव.

तुझी,
मयुरी